सहाशे चौरस फुटांच्या आत

सहामाहीच्या अखेरच्या कामकाजाच्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नोंदणी कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर मुद्रांक शुल्काच्या चौथ्या खिडकीपुढे तीन माणसे उभी होती: घर विकत घेणारे शिंपी, त्यांची बायको आणि घर विकणारी निवृत्त परिचारिका. शिंप्यांना सगळी पेठ ‘मास्तर’ म्हणे. परिचारिकेला नोकरी सोडून अकरा वर्षे झाली होती, तरी लोक तिला ‘सिस्टर’च म्हणत. बायकोला हाक मारताना मास्तर गेली सव्वीस वर्षे ‘अगं, ऐकलंस का’ एवढ्यावर भागवत आले होते, आणि तिने ते बहुतेक वेळा आधीच ऐकलेले असे.

ही सव्वीस वर्षे त्या दोघांनी दुकानामागच्या भाड्याच्या एका खोलीत काढली होती. कटिंगचे टेबल दिवसा कापडाचे असे, दिवस संपला की अंथरुणाचे. पाहुणा आला तर त्याला बसवण्यासाठी आधी कुणाची तरी पँट उचलावी लागे. सिस्टरचे घर त्यांना परवडण्यासारखे होते, कारण सिस्टरनेच ते परवडेल अशा किमतीला देऊ केले होते. पण करारातली अट पक्की होती. आजच्या दिवसात खरेदीखत नोंदले गेले नाही तर व्यवहार संपला. उद्या सकाळच्या गाडीने सिस्टर कायमची लेकीकडे जाणार होती, आणि तिच्यामागे हे घर गोदाम म्हणून घ्यायला साबणाचा एक घाऊक व्यापारी रोख रक्कम घेऊन टपून बसला होता.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, आकडे यंत्रावर बडवले आणि मान वर न करता सांगितले, “शंभराला सहा.”

“ताई, काहीतरी गफलत होतेय,” मास्तर म्हणाले. “शंभराला तीन ना?”

“तीन सहाशे चौरस फुटांच्या आतल्या घराला. तुमचं सहाशे एकोणतीस आहे.”

“बरं. म्हणजे वरच्या एकोणतीस फुटांना सहा, बाकीच्यांना तीन.”

“नाही. सहाशेच्या वर गेलं की सगळ्यालाच सहा.”

मास्तर वाद घालण्यात नाव कमावलेले गृहस्थ होते. कॉलर किती रुंद असावी या प्रश्नावर त्यांनी एका गिऱ्हाइकाशी तीन दिवस वाद घातला होता, आणि चौथ्या दिवशी ते गिऱ्हाईक कॉलरच नको म्हणून गेले होते. त्यांनी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरे टेकवले.

“ताई, एखाद्याचं पोट इंचभर सुटलं म्हणून मी अख्ख्या कोटाची शिलाई दुप्पट घेत नाही.”

“तुम्ही सरकार नाही, मास्तर.”

“आणि हे सहा कशाचे? आमच्यात ठरलेल्या किमतीचे?”

“ठरलेली किंमत आणि त्या भागाचा सरकारी दर, दोन्हींत जे जास्त असेल त्याचे. तुमच्या बाबतीत सरकारी दर जास्त आहे.”

“घ्या!” सिस्टर म्हणाली. “मी यांना स्वस्तात देतेय, ते सरकारला बघवत नाही वाटतं.”

“तसं नाही, सिस्टर. नुसती लिहिलेली किंमत धरली, तर उद्यापासून या शहरातली सगळी घरं कागदावर फुकटच विकली जातील.”

या उत्तरात तर्क होता हे मास्तरांना मनातल्या मनात कबूल करावे लागले, आणि म्हणूनच त्यांना अधिक राग आला. एका घराला दोन किमती असतात, एक माणसांनी ठरवलेली आणि दुसरी कुणी अदृश्य हाताने रस्त्यागणिक लिहून ठेवलेली, ही गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळत होती. बायको शेजारी उभी राहून ओठांच्या हालचालीने हिशेब करत होती. ती दुकानात काजे करी, त्यामुळे तोंडातल्या तोंडात मोजण्याची तिला सवय होती.

“दोन्ही मशिनं विकली तरी नाही पुरायचं,” ती हलकेच म्हणाली. “आणि मशिनं विकून घरात बसून काय करायचं? अहो, मोजलंत ना तुम्ही नीट?”

तोंडात मारल्यासारखे मास्तर तिच्याकडे वळले. “बत्तीस वर्षांत माझा एक कोट मापासाठी परत आलेला नाही.”

“मी कोटाचं विचारत नाहीये.”

घर मास्तरांनीच मोजले होते, हे खरे. सिस्टरजवळच्या जुन्या खतात घराच्या चारी बाजूंना कोण राहतो हे लिहिले होते, पण क्षेत्रफळाचा आकडा नव्हता. त्या काळी शुल्क क्षेत्रफळावर ठरत नसे, त्यामुळे तो कुणी लिहीतच नसे. म्हणून गेल्या आठवड्यात मास्तर गळ्यात टेप घालून सिस्टरकडे गेले, चार जागांची आठ मापे त्यांनी एका दुपारी घेतली, अर्जात भरली, आणि ‘वरील मापे माझ्या माहितीप्रमाणे खरी आहेत’ या प्रतिज्ञेखाली झोकदार सही ठोकली.

“आकडे तुमचेच, प्रतिज्ञा तुमचीच,” बाई म्हणाल्या. “चुकले असतील तर दुरुस्तीचा अर्ज करा.”

“चुकलेले नाहीत.”

बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, त्या म्हणतायत अर्ज करा, तर करा ना!”

“अगं, जे चुकलेलं नाही ते चुकलं म्हणून कसं लिहू? उद्या एखाद्याने सांगितलं, मास्तर, माझी छाती चाळीस आहे पण तुम्ही छत्तीस लिहा, तर लिहीन का मी?” मग ते खिडकीकडे वळले. “मला एवढंच सांगा, ताई. कोट शिवला की माणूस पैसे देतो आणि कोट घेऊन जातो. घराचे पैसे मी सिस्टरना देणार, घर मला मिळणार. तुम्हाला देणार त्याच्या बदल्यात काय मिळणार मला?”

मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणाले, “पावती!” आणि चार जण हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवले, मास्तरांकडे नीट पाहिले, आणि एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या.

“खाली दप्तरखाना आहे. तिथल्या काकांना ही द्या. तुमच्या घराची मूळ मोजणी त्यांच्याकडे असणार. तिचा उतारा घेऊन या. त्यात निराळं निघालं तर मी साहेबांपुढे ठेवते. साडेपाचला खिडकी बंद होते. आणि काय मिळतं म्हणालात ना? तेही त्यांनाच विचारा.”

दप्तरखाना तळमजल्याच्या मागच्या अंगाला होता. लोखंडी दार ढकलून मास्तर दोघींच्या पुढे आत शिरले, आणि जिभेवर तयार असलेले वाक्य तिथेच राहिले.

आत एक लांबच लांब दालन होते आणि त्याच्या दोन्ही भिंती पुस्तकांच्या होत्या. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी फळ्या, प्रत्येक फळीवर हातभर उंचीच्या नोंदवह्या खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि वरच्या फळ्यांपर्यंत पोचण्यासाठी रुळावर सरकणारी शिडी. उंच झरोक्यांतून आलेला उजेड वह्यांच्या पाठींवर आडवा पडला होता. मास्तरांच्या डोळ्यांनी सवयीने आधी कापड हेरले. जाड सुती कापड, दोनदा खळ दिलेले. मग शिवण: मेणाचा दोरा, आठ टाके, प्रत्येक टाका मागच्याइतकाच लांब. शेजारच्या वहीचेही तसेच, तिच्या शेजारचीचेही तसेच, आणि दालनाच्या टोकापर्यंत नजर जाईल तिथवर तसेच. इतकी शिवण त्यांनी जन्मात एका ठिकाणी पाहिली नव्हती. त्यांनी नकळत चपला दाराबाहेर काढल्या.

“चपला असू द्या हो,” आतून आवाज आला. “देऊळ नाहीये. धूळ तेवढी मात्र भरपूर आहे.”

दप्तर सांभाळणारे काका म्हणजे कोपरांवर ठिगळे लावलेला स्वेटर आणि त्यात मावेल एवढाच माणूस होता. त्यांनी चिठ्ठी वाचली, सिस्टरला घराचा क्रमांक विचारला, आणि कोणत्याही यादीत न पाहता शिडी सरकवत थेट एका फळीशी नेली.

“या सगळ्यात काय आहे, काका?” मास्तरांनी विचारले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच निराळा वाटला.

“घरं,” काका वरून म्हणाले. “एकशे बारा वर्षं झाली. या शहरातल्या एकूण एक घराला इथे एक पान आहे. जी पडली त्यांनासुद्धा आहे. घर पडतं, पान नाही पडत.”

ते वही घेऊन उतरले, टेबलावर ठेवून त्यांनी ती उघडली, आणि चौघेही तिच्यावर वाकले.

पानाच्या वरच्या अर्ध्यात शाईने काढलेला नकाशा होता. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागचे न्हाणीघर. दारे, खिडक्या, चुलीचे धुराडे, दारापुढची एकुलती पायरीसुद्धा. प्रत्येक भिंतीलगत बारीक अक्षरात माप होते, आणि खाली मोजणीदाराने लिहिले होते: ‘भिंतींच्या आतील अंगाने, तीन वेळा मोजले.’ मास्तर ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तीन वेळा. हे कुणी पाहणार नव्हते. एकदा मोजून तीनदा मोजले असे लिहिले असते तरी चालले असते. पण ज्याने ही रेघ अशी ओढली होती, ज्याने पायरीही सोडली नव्हती, तो तीनदाच मोजणार याबद्दल मास्तरांच्या मनात शंका उरली नाही.

पानाच्या खालच्या अर्ध्यात मालकांच्या ओळी होत्या. एकामागून एक सात माणसे, प्रत्येकाचा धंदा, तारीख, भरलेल्या शुल्काचा शिक्का आणि सही किंवा अंगठा. पहिला मालक सुतार होता. दुसरा रस्त्यावरचे दिवे लावणारा. तिसरी त्या दिवेवाल्याची बायको. मग घड्याळे दुरुस्त करणारा, मग दोन भाऊ पाव भाजणारे, मग शाळेतली एक शिक्षिका जी तिथे एकेचाळीस वर्षे राहिली, आणि सातव्या ओळीत सिस्टरची तरुणपणची सही.

“अगंबाई,” सिस्टर म्हणाली, “माझं अक्षर इतकं चांगलं होतं?”

“ही तिसरी ओळ पाहा, मास्तर,” काका म्हणाले. “काय मिळतं म्हणून विचारताय ना तुम्ही? ताईंनी लिहिलंय चिठ्ठीत. हा दिवेवाला गेला. जाण्याआधी सहा महिने त्याने घर बायकोच्या नावावर करून दिलं होतं, शुल्क भरून. तो गेल्यावर दीर उठला, म्हणाला घर माझं. बाईकडचा कागद आगीत गेलेला. साक्षीदार म्हणाल तर दिराच्या घरी जेवणारे. चार वर्षं खटला चालला. शेवटी न्यायाधीश स्वतः इथे खाली आले, या टेबलाशी उभे राहिले, आणि त्यांनी ही ओळ वाचली. बस. एवढ्यावर मिटलं. ती बाई त्याच घरात म्हातारी झाली. शुल्क भरलं होतं म्हणून नोंद होती, आणि नोंद होती म्हणून घर राहिलं. नुसत्या विकणाऱ्याला पैसे दिलेत, तर घर तुमचं हे फक्त त्याला माहीत. इथे भरलेत की ते सगळ्या जगाला माहीत. न जन्मलेल्यांनासुद्धा.”

मास्तरांचे सारे आयुष्य बदलणाऱ्या मापांत गेले होते. माणसे जाड होत, वाळत, वाकत. दरवर्षी त्याच गिऱ्हाइकाचे माप नव्याने घ्यावे लागे, आणि जुन्या वहीला रद्दीखेरीज किंमत नसे. आणि इथे एका नाव नसलेल्या माणसाने एकदा घेतलेले माप एकशे बारा वर्षे जागचे हलले नव्हते. दालनभर, फळीवर फळी, हजारो छपरांखाली जगून गेलेली माणसे आपापल्या ओळीत शांत उभी होती, आणि सातव्या ओळीखाली एक रिकामी ओळ होती. खिडकीपुढे आपण काय काय बोललो ते आठवून मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“एकूण किती भरतं, काका?” बायकोने विचारले. ती मात्र भानावर होती.

“पाचशे अठ्ठ्याऐंशी.”

मास्तर दचकले. “शक्यच नाही!” आणि लगेच, नकाशाकडे पाहत, खालच्या आवाजात, “पण हा माणूस चुकणारा नाही.”

“मग तुम्ही चुकलात,” बायको म्हणाली.

“मीही नाही चुकलेलो.”

“असं करा,” काका म्हणाले, “तुमचा अर्ज शेजारी ठेवा आणि एकेक माप वाचा. दोघंही बरोबर कसे, ते आपण पाहू.”

मास्तर वाचू लागले. पुढची खोली: वहीत चौदा फूट, अर्जात चौदा फूट चार इंच. वहीत पंधरा, अर्जात पंधरा फूट चार इंच. मधली खोली: बारा आणि चौदा, अर्जात बारा-चार आणि चौदा-चार. स्वयंपाकघर: दहा आणि बारा, दहा-चार आणि बारा-चार.

“अहो,” बायको म्हणाली, “चुकतो तो माणूस कधी जास्त चुकतो, कधी कमी. दरवेळी चारच इंच कसे चुकाल?”

मास्तरांचा चेहरा खाडकन उतरला. ते जवळच्या स्टुलावर बसले.

“माया,” ते पुटपुटले. “मी माया धरलीय.”

शिवणीसाठी कापडाची जी जादा पट्टी सोडतात, तिला शिंप्यांच्या धंद्यात माया म्हणतात. इतर शिंपी अंगाचे माप जसेच्या तसे लिहितात आणि कापताना माया सोडतात. मास्तरांची रीत वेगळी होती. उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका नवरदेवाचा कोट माया न सोडता कापला होता, आणि भर मांडवात तो पाठीवर उसवला होता. त्या दिवसापासून त्यांनी उघडे माप म्हणून कधी लिहिले नाही. टेपवर दिसणारा आकडा त्यांचा हात आपोआप वाढवून कागदावर उतरवी, दोन इंच या टोकाला, दोन इंच त्या टोकाला. बत्तीस वर्षांत डोके त्या हिशेबातून कधीच बाजूला झाले होते.

“भिंतींना माया सोडलीत?” सिस्टरने तोंडावर हात घेतला. “मास्तर, घर काय उसवणार होतं?”

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. पण चष्मा पुसून पुन्हा लावल्यावर ते परत वहीवर वाकले. “एक राहिलं. न्हाणीघर. रुंदी दहा, तुमची दहा-चार. ठीक. पण लांबी वहीत नऊ फूट आहे, आणि तुमची दहा फूट दोन इंच. इथे चार नाहीत, मास्तर. चौदा इंच आहेत.”

दुपारी अडीचला खिडकीतल्या बाईंनी सारे कागद नोंदणी अधिकाऱ्यांपुढे ठेवले. साहेब पन्नाशीचे, सुकलेल्या लाकडासारखे गृहस्थ होते आणि दिवसभर खोटे ऐकून त्यांच्या चेहऱ्याने कोणत्याही गोष्टीवर हलणे सोडून दिले होते.

“आठवड्याला दहा जण येतात,” ते म्हणाले. “शुल्काचा आकडा ऐकला की घर आकसलं म्हणतात. घरं धुण्याने आकसत नाहीत, मास्तर.”

“मी माप चुकीचं लिहिलं,” मास्तर म्हणाले. हे वाक्य उच्चारायला त्यांना किती कष्ट पडले ते त्यांच्या बायकोखेरीज तिथे कुणाला कळण्यासारखे नव्हते. मग त्यांनी मायेची हकिगत सांगितली.

“सात मापांना तुमची गोष्ट लागू पडते. आठव्याला नाही. आणि गोष्ट खोटी असेल तर ती आठव्यालाच उघडी पडते.”

“साहेब, माझा हात दरवेळी चारच इंच वाढवतो. दहा-दोन लिहिलंय म्हणजे टेपवर मी नऊ फूट दहा इंच पाहिलं. म्हणजे तिथली भिंत हललीय. दहा इंच.”

“भिंत हललीय,” साहेबांनी शब्द तोलून पाहिले. “कुणी हलवली?”

सिस्टर ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. बोलावे तर विक्री अडण्याची भीती, न बोलावे तर मास्तर खोटे ठरत होते.

“मी,” ती म्हणाली. “वीस वर्षं झाली. आई चाकांच्या खुर्चीला खिळली होती. न्हाणीघरात खुर्ची वळायची नाही. मागची भिंत पाडून मागे सरकवून घेतली. परवानगी वगैरे नाही काढली, साहेब. आईला आंघोळ घालायची होती मला. विसरूनच गेले होते, खरं सांगते.”

“परवानगीचं खातं निराळं, माझं निराळं,” साहेब म्हणाले. “किती सरकवली?”

“हातभर असेल. जास्तच.”

हात म्हणजे दीड फूट. खिडकीतल्या बाईंनी उभ्या उभ्या आकडा मांडला. “हातभर असेल तर घर सहाशे तीन होतं, साहेब.”

तीन फुटांनी घर जात होते. मास्तरांच्या बायकोने खुर्चीची पाठ धरली.

“दहा इंच आहे,” मास्तर म्हणाले.

“घराची मालकीण हातभर म्हणतेय.”

“सिस्टरनी भिंत आईसाठी हलवली, साहेब, मोजण्यासाठी नाही. मी मोजण्यासाठी गेलो होतो.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले, मग मास्तरांकडे. मग उठले आणि भिंतीतल्या खिळ्यावरची छत्री घेतली. “स्थळपाहणी. काका, उतारा घ्या आणि पोलादी टेप घ्या. मास्तर, तुमचा टेप इथेच ठेवायचा.”

घर सात मिनिटांच्या चालण्यावर होते. आत सामान बांधून भिंतीशी लावलेले, आणि मोकळ्या खोल्यांत पावलांचा आवाज वाढलेला. मास्तरांना दाराच्या चौकटीत हात मागे बांधून उभे केले होते. साहेब टेपचे एक टोक धरत, काका दुसरे. बायको आणि सिस्टर भिंतीला चिकटून.

“पुढची खोली. चौदा.” काकांनी उताऱ्यावर बोट ठेवले. “वहीत चौदा.”

“पंधरा.”

“वहीत पंधरा.”

मधल्या खोलीत बारा आणि चौदा आले. स्वयंपाकघरात दहा आणि बारा. दर वेळी पोलादी पट्टी भिंतीला टेकून खट्कन वाजे, आणि दर वेळी एकशे बारा वर्षांपूर्वीचा माणूस जणू दुसऱ्या टोकाशी उभा राहून होकार देई. सुतार, दिवेवाला, त्याची बायको, घड्याळजी, पाववाले, शिक्षिका, सगळी याच चौदा बाय पंधरात उठली-बसली होती. मास्तर प्रत्येक आकडा कान देऊन ऐकत होते.

न्हाणीघराच्या दारात साहेब थांबले. रुंदी दहा भरली. मग ते मागे वळले.

“आता टेप लावण्याआधी सांगा, मास्तर. नंतर नाही. किती?”

“नऊ फूट दहा इंच.”

“सिस्टर?”

“मला तर साडेदहा फूट वाटतंय, साहेब,” सिस्टर रडवेल्या आवाजात म्हणाली. “पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका हो.”

काका आत गेले आणि मागच्या भिंतीशी टोक दाबून वाकले. साहेबांनी टेप ताणला, चष्मा कपाळावर सारला आणि आकड्यावर वाकले. ते तसेच वाकून राहिले. मग त्यांनी टेप सैल सोडला, पुन्हा ताणला आणि पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदाही पाहिले.

जेव्हा ते सरळ झाले तेव्हा त्या सुकलेल्या चेहऱ्यावर काही तरी हलले होते. त्यांनी मास्तरांच्या बाजूला येऊन त्यांच्या हातांकडे पाहिले, पाठीमागे बांधलेल्या त्या साध्या, सुईने टोचलेल्या बोटांकडे.

“नऊ फूट दहा इंच,” ते म्हणाले. “सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही.”

मास्तरांना हसू आले नाही, जिंकल्यासारखेही वाटले नाही. मोजणीदार आणि ते स्वतः, दोघांच्या मध्ये सातही मालकांची आयुष्ये गेली होती, आणि तरी दोन अनोळखी हातांना भिंतींनी एकच उत्तर दिले होते. ही गोष्ट त्यांच्या छातीत मावेना. बायकोने हळूच येऊन त्यांच्या मागे बांधलेल्या हातांची गाठ सोडवली.

साहेब खिडकीच्या कट्ट्यावर टेकले, गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी चार गुणाकार आणि एक बेरीज केली, ती काकांकडून तपासून घेतली, आणि दुरुस्तीच्या अर्जावर सही केली. मग पेनाला टोपण लावले.

“क्षेत्र पाचशे शहाण्णव. घर सहाशेच्या आत आहे. शंभराला तीन भरा.”